माझ्या भिंतीला लागून दालमिल

शिपायानं नोटीस माझ्या हातात दिली नाही. रस्त्यावरूनच भिरकावली. ती अंगणातल्या मातीत पडली. म्हणाला, "उचल. अन् इथं अंगठा लाव."

मी दुसरी शिकलेला. सही करतो. मार्केट यार्डात हमाली करून पिंप्राळ्यात स्वतःचं घर बांधलेला माणूस. या नोटिशीच्या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. आमची घरांची रांग बौद्धांची. रांगेच्या टोकाला, माझ्या घरामागच्या मोकळ्या जागेत एक शेठ दालमिल टाकणार होता. परवानगी द्यायच्या आधी नगरपालिका लगतच्या घरमालकांना विचारते, हरकत आहे का म्हणून. आमच्याकडून त्या जागेला भिंत लागायची ती फक्त माझी. पलीकडून एका वकिलाचा बंगला. तिथं हाच शिपाई चपला काढून आत गेला. नोटीस हातात दिली, पाणी प्यायला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मी म्हणालो, "हातात दे. नाहीतर घेऊन जा."

"हातात? मोठा जहागीरदार लागून गेलास का रे?"

"हातात दे."

त्यानं दिली नाही. कागद उचलला, त्यावर काहीतरी खरडलं आणि चालता झाला. रांगेतली माणसं बघत होती. माझी छाती फुगली. कितीतरी दिवस मी चहाच्या टपरीवर तीच गोष्ट रंगवून सांगत होतो. त्या नोटिशीत हरकत द्यायची मुदत होती. मी विचारलंसुद्धा नाही.

मिल सुरू झाली. वकिलानं हरकत लिहून दिली होती. म्हणून भुसा फेकणारा पाइप त्याच्या बाजूनं काढून आमच्याकडं वळवला. तुरीचा भुसा. पाण्यात. डोळ्यात. अंथरुणात.

शेजारची सोनाअक्का विधवा. उन्हाळाभर ज्वारीचे बिबडे, पापडासारखे, करायची, घराच्या धाब्याच्या छतावर वाळवायची, दारोदार विकायची. त्यावरच तिचं पोट. त्या साली बिबड्यांवर भुशाचा थर बसला. गिऱ्हाईक तोंडात घालायचं आणि थुंकायचं. नुसती कचकच.

मी नगरपालिकेत गेलो. तिथला बाबू म्हणाला, "नोटीस नाकारली म्हणजे मिळाली, भाऊ. मुदत संपली. तुमची हरकत नाही असंच धरलं."

"त्यानं मातीत फेकली होती."

"फेकली का दिली, ते इथं लिहिलेलं नाही."

घरी येऊन अक्काला सांगितलं. ती सूप आपटून म्हणाली, "तुना मान राह्यना, भाऊ. मना बठ्ठा बिबडा गयात." म्हणजे माझा मान राहिला, तिचे सगळे बिबडे गेले.

मी चिडलो. "मग काय मातीतून उचलायची होती?"

पुढं त्याच मिलमध्ये ती भुसा झाडायला लागली. आता संध्याकाळी पदर तोंडाला लावून खोकत येते. आमच्या दोघांच्या मधली भिंत पातळ. प्रत्येक उबळ मला ऐकू येते आणि मी कूस बदलतो. शिपायानं अपमान केला, शेठनं डाव साधला, हे खरं. पण नोटीस माझ्या नावाची असली तरी हवा सगळ्या रांगेची होती. मी एकालाही विचारलं नाही. मान राखला तो एकट्याचा. खोकला आला तिच्या वाट्याला. हे मी कुणाच्या माथी मारू?

आता शेठला दुसरं मशीन बसवायचंय. या वेळी मी नोटिशीची वाट बघितली नाही. सगळी रांग घेऊन नगरपालिकेत आलो. अक्काही आली, मिलचा खाडा करून. साहेब म्हणाले, "रांगेत लगतचं घर तुमचं एकट्याचं. बाकीच्यांचा काय संबंध?"

मी तिथंच दारात बसलो. म्हणालो, ज्याच्या घरात भुसा पडतो तो लगतचा. या बठ्ठ्यांची हरकत लिहून घ्या. पहिली अक्काची. माझी सगळ्यात शेवटी. तोवर उठत नाही. उचलून बाहेर टाकलं, तर उद्या ऑफिस उघडायच्या आधी इथंच बसलेला दिसेन.