खरखर ठेवणारा माणूस

यासीनचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीबी गावच्या बाजारात शेतकऱ्यांच्या संघटनेची पत्रकं वाटत होतो. हातातला गठ्ठा तसाच घेऊन दुसरबीडला पोचलो. कब्रस्तानातून परत आल्यावर त्यांची मुलगी शबाना मला बाजूला घेऊन म्हणाली, "गजाननभाऊ, अब्बाच्या डब्यातल्या कॅसेटा तुमच्याकडं हायेत काय? डबा रिकामा हाय..." मी नाही म्हणालो. खोटं बोललो नाही. मला माहीतच नव्हतं.

बसस्टँडसमोर त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. जीपवर भोंगा बांधून गावोगाव फिरवतात, त्या पुकाऱ्याच्या कॅसेटही तिथेच भरल्या जायच्या, त्यांच्याच आवाजात. तरुणपणी ते शारजाला एका साऊंडवाल्याकडे कामाला होते. तिथला गोरा इंजिनीअर देश सोडून जाताना त्यांना सात कॅसेट देऊन गेला. संगीताचं नाव ट्रिप-हॉप. इंग्लंडातल्या ब्रिस्टल नावाच्या गावातून निघालेलं, संथ, जड, धुरकट. कॅसेटवरची इंग्रजी नावं घासून गेली होती, म्हणून चाचांनी स्वतः ठेवलेली नावं उर्दू लिपीत लिहून चिकटवली. 'जत्रा' म्हणजे दर गाण्याला नवा गायक बोलावणारी टोळी. यांच्यापासून सुरुवात करायची, असा त्यांचा हुकूम. 'रुसलेली' म्हणजे गळा दाबून गाणारी बाई. 'दमेकरी' गात नाही, कानाशी धापा टाकत पुटपुटतो. आणि 'गोधडी'त कुणी गातच नाही, दुसऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचे तुकडे कापून शिवलेलं सगळं. उरलेल्या तीन ते मला ऐकवायचे नाहीत. "पह्यले ह्या चार पचव बे नेता, मंग पुढचं." मला 'नेता' म्हणायचे, तेही माझ्या पहिल्या पत्रकाची शाई वाळायच्या आधीपासून.

त्यांना त्या गाण्यातलं काय आवडायचं? खरखर. जुन्या तबकडीवर सुई फिरताना येते ती. "देख, मी जिंदगीभर लोकाइच्या टेपातली खरखर काढून राह्यलो. आन् हे लोक मुद्दाम ठेवते! म्हंते, राहू दे, हे बी गाणंच हाय." मी चिडायचो. "चाचा, तिकडं कपाशीत अळी पडून राह्यली अन् तुम्ही गोऱ्याइचं रडगाणं ऐकता?" ते टेप बंद करायचे नाहीत. आवाज जरा कमी करायचे, एवढंच.

बीटी कपाशीचं बियाणं नवं आलं तेव्हा त्याची जाहिरात त्यांच्याच आवाजात फिरली. 'अळीची चिंता सोडा, झोप घ्या निवांत.' पुढे एका हंगामात बोंडं फोडून पाहिली तर आत अळ्या. पाकिटं बोगस होती की कंपनीचा दावाच पोकळ होता, याचं उत्तर आजतागायत कुणी दिलेलं नाही. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि मला कुणाचं तरी नाव छापायचं होतं. कंपनीचं छापलं तर नोटीस येईल म्हणून सगळे घाबरले. मीही घाबरलो. मग मी लिहिलं: 'भोंग्यातून फसवणूक विकणारा दुसरबीडचा यासीन.' पत्रक आठवडाभरात तालुकाभर गेलं. लग्नाच्या साऊंडची कामंही त्यांच्याकडे येईनाशी झाली. त्यांनी मला जाब विचारला नाही. एकदाच, स्टँडवर, सगळ्यांसमोर म्हणाले, "नेता, अक्षर चांगलं हाय तुहं. छापताना उठून दिसते."

आणि दोनच महिन्यांनी मलाच त्यांच्या दारात जावं लागलं. नुकसानीचे पंचनामे व्हायचे होते आणि लोक वैतागून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटून हरभऱ्याला रान मोकळं करत होते. शेतात पऱ्हाटीच नसेल तर साहेब पंचनामा कशाचा करणार? दोन दिवसांत सात जीप सात दिशांना सोडायच्या होत्या, आणि पुकारा भरून देणारा दुसरा माणूस जवळपास नव्हता. मी दारात उभा. ते पंख्याच्या मोटरीत मान घालून. "चाचा, सात कॅसेट पाहिजेत. उद्या सकाळी." वर न पाहता ते म्हणाले, "कोऱ्या कॅसेटा कुठून आणू बे? दुकानात यायच्या बंद झाल्या." मी म्हणालो, "पाहा ना काहीतरी." काहीतरी! त्यांनी मोटरीचं झाकण लावून टाकलं. मग म्हणाले, "सकाळी ये."

सकाळी सात कॅसेट तयार होत्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: 'पुकारा तीनदा वाजला की कॅसेट लगेच मागे फिरवणे.' ड्रायव्हरांनी तसंच केलं. "शेतकरी भाऊहो, पऱ्हाटी उपटू नका... पंचनामा होऊ द्या..." ज्या माणसावर विश्वास ठेवू नका असं मी छापलं होतं, त्याच्याच आवाजावर लोकांनी उपटणी थांबवली. पंचनामे झाले. आम्ही मोर्चाचे फोटो काढले. कॅसेट संघटनेच्या खोलीत एका पोत्यात पडल्या. मी त्या परत केल्या नाहीत, त्यांनी मागितल्या नाहीत. पत्रकाबद्दल माफी मागायचं दरवेळी पुढच्या खेपेवर ढकललं.

चाचांच्या मातीनंतर पंधरा दिवसांनी, शबानाचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून, ते पोतं उपसलं. पाचच सापडल्या. हातात घेऊन नीट पाहिल्या. भरलेल्या कॅसेटवर कुणी पुन्हा भरू नये म्हणून तिच्या पाठीला मोकळी खाच असते. पाचही खाचा चिकटपट्टीने बुजवल्या होत्या, म्हणजे जुनं पुसून वर नवं भरता येतं. आणि मागे फिरवायच्या चिठ्ठीखाली चाचांनी चिकटवलेली ती उर्दू नावं.

पाचही घेऊन शबानाकडे गेलो. म्हणालो, "दोन हरवल्या. आणि ते पत्रक मी लिहिलं होतं, खोटं होतं." ती म्हणाली, "अब्बाले मालूम होतं तुम्ही लिव्हलं ते. मले बी." तेच इथेही लिहितो आहे, कारण ते पत्रक छापलेलं होतं आणि माफीही छापलेलीच हवी: यासीनचाचांनी कुणाला फसवलं नाही. हातात दिलेला जाहिरातीचा कागद वाचला. ज्यांनी तो कागद लिहिला, त्यांचं नाव घ्यायची हिंमत माझ्यात नव्हती.

शबानाने 'रुसलेली' दुकानातल्या टेपला लावली. चाचांचा आवाज आला. पऱ्हाटी उपटू नका... एकदा, दोनदा, तीनदा. या वेळी कुणी मागे फिरवली नाही. खट्कन आवाज झाला, मग नुसती खरखर, आणि तिच्यामागून, गाण्याच्या अर्ध्यातूनच, गळा दाबून गाणारी ती बाई. शबाना टेपवाल्याची पोर. खरखर ऐकताच सवयीने तिचा हात बटणाकडे गेला... तिथपर्यंत जाऊन थांबला. आणि तिने तो मागे घेतला.