टेन्शनची गोळी

औषधाच्या दुकानात बसलं की किस्से आपोआप साठतात. काही करावं लागत नाही. पिशवीत गोळ्या भरताना मान खाली ठेवायची, समोरचा बोलायला लागतो. वेंगुर्ल्याच्या बाजारात बावीस वर्षं मी मेडिकल चालवते. खोकल्याचे, खरजेचे किस्से मी लग्नाच्या पंगतीत सांगते आणि लोक पोट धरून हसतात. हे तसले नाहीत. हे डिप्रेशनच्या गोळीचे. आमच्याकडे तिला सगळे ‘टेन्शनची गोळी’ म्हणतात, आणि तसंही नाव घेऊन कोणी मागत नाही. रिकामी स्ट्रिप मुठीतून काउंटरवर सरकवायची आणि रस्त्याकडे बघत उभं राहायचं!

*

मोनिका टीचर शाळेतून रिटायर झाल्या आणि त्याच वर्षी त्यांचा नवरा गेला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. वर्षभर सगळं छान चाललं. मग एकदा महिना उलटला तरी टीचर फिरकल्या नाहीत. आल्या त्या भाचीच्या खांद्याला धरून, हाताला प्लास्टर!

“मान वळवलंय की डोक्यात करंट मारता गो,” टीचर म्हणाल्या. “चर्चच्या पायरेर चक्कर इली आणि पडलंय.”

“टीचर, गोळी कधीपासून बंद आहे?”

“आमचो लेंटचो उपास लागलो तेवापासून. लोक उपासाक मटण सोडतत. माका मटण तसा पण आवडणा नाय. म्हणान जा सोडूक जड जाता, ता सोडलंय!”

भाचीनं पुढचं सांगितलं. हे ऐकून फादरनी कपाळाला हात लावला होता. “टीचर, देवान जिभेचे लाड सोडूक सांगल्यान, औषध न्हय!”

डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली आणि पुढे कितीतरी महिने थोडी थोडी कमी करत आणली. करंट थांबले. मनगट मात्र वाकडंच बसलं. ज्यांच्या फळ्यावरच्या अक्षराचं गावात अजून नाव निघतं, त्या टीचर आता सही करताना दुसऱ्याला कागद धरायला सांगतात.

*

राघो होडीवर तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या. पावसाळा संपून होड्या बाहेर पडल्या तरी हा घरात भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेवणही नको. त्याची बहीण सुमती माझ्याकडून टेन्शनची गोळी न्यायची. तिनं डॉक्टरला न विचारता भावाला आपल्यातली दिली. “माका गुण इलो, तुका पण येतलो.”

दहा दिवसांत राघो उठला! बंदरावर उघड्या अंगानं होडी रंगवताना मी त्याला पाहिलं.

“काय रे राघो, बरं वाटतंय?”

“फस्क्लास! झोपेची गरजच नाय!”

होडी एका बाजूनं निळी झाली, दुसऱ्या बाजूनं पिवळी. मग त्यानं शेजाऱ्याची होडी रंगवली. मग शेजाऱ्याची स्कूटर! लोकांनी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकले. मीही हसले. चार दिवस तो झोपलेला नाही, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. पाचव्या दिवशी एकटाच होडी घेऊन “कारवार बघून येतंय” म्हणत खोल समुद्रात निघाला. दुसऱ्या होडीवाल्यांनी कसाबसा बांधून परत आणला.

डॉक्टर म्हणाले, याचा आजार वेगळा आहे. याचं मन कधी खोल जातं, कधी भलतंच उसळतं. अशा माणसाला ही गोळी एकटी देत नाहीत, उसळी वाढते.

सुमती पुढे झाली. “डॉक्टरानु, मी तेका वायट काय दिलंय नाय ओ. माज्या वाटणीची दिलंय. मी अर्धीच घेय होतंय.”

*

एक रिक्षावाला होता. नाव नाही सांगत. बायको भांडून मुंबईला माहेरी गेलेली. गोळी दिवसाला एक, पण पंधरा दिवसांची स्ट्रिप आठवड्यात संपवून हा दारात हजर!

“अरे, रोज किती घेतोस?”

“एकच. पण तिचो फोन इलो त्या दिवशी तीन. त्या दिवशी दुख जास्त होता मां!”

बोलताना तो घामानं निथळत होता आणि हात इतके थरथरत होते की रिक्षाची चावी खाली पडली. ती मी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली आणि त्याला दुसऱ्याच्या रिक्षेत बसवून दवाखान्यात नेलं. वाटेत विचारलं, “बायकोला कळवू?”

“नको. तुमी कळवशात आणि ती येवची नाय. मगे माका कायमचा कळतला.”

*

हा किस्सा माझा. म्हणून लहान करून सांगते.

चंद्रकला काजूच्या कारखान्यात कामाला. डॉक्टरचा एकच कागद, घडी घालून घालून फाटायला आलेला. तो दाखवायची, मी गोळ्या द्यायचे. दोन वर्षं! ओळखीची बाई, गुण येतोय, जाऊ दे.

एक दिवस तिनं विचारलं, “बाय, ह्या खाली काय लिवलेला आसा? माका वाचूक येणा नाय.”

मी वाचलं. “एक महिन्याने पुन्हा दाखवणे.”

तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला. “तुमी पण वाचलंत नाय?”

दुकान बंद करून मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांच्या मते तिची गोळी केव्हाच बंद करता आली असती. आता ती उतरवायला पाच महिने लागले. मळमळ, चक्कर, विनाकारण रडू. कारखान्यात ती नाकाशी लिंबू धरून बसायची. अजूनही काही घ्यायला आली की आधी विचारते, “आज वाचलंत मां?”

*

हायस्कूलच्या मुख्याध्यापक सरांची मुलगी अपघातात गेली, तेव्हापासून त्यांच्या बायकोला, सुलभाला, गोळी चालू होती. सर “मन खंबीर हवं, गोळ्या कसल्या?” असं मला ऐकवायचे, पण दर महिन्याला स्वतः येऊन न्यायचे. घरी सात खणांची प्लास्टिकची डबी होती. दर रविवारी सर त्यात बायकोच्या गोळ्या भरून ठेवायचे.

एकदा ते सुलभाला धरून दुकानात आले. ती लटपटत होती, डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सर म्हणाले, “बघा! हे तुमच्या गोळ्यांनी केलं. मी रोज वेळेवर देतोय, तरी ही अवस्था!”

मी सुलभाला स्टुलावर बसवून पाणी दिलं.

चार दिवसांनी सुलभा एकटीच आली. रुमालाची गाठ सोडून डबीतली एक पांढरी गोळी पुढे केली. “ही कसली गोळी गो?”

मी उलटसुलट करून पाहिली. “ही कॅल्शियमची.”

“माजी न्हय?”

“नाही.”

तिनं ती पुन्हा रुमालात बांधली. मी तिथूनच डॉक्टरना फोन लावला आणि त्यांनी लगेच बोलावून घेतलं. तिची खरी गोळी परत सुरू झाली. स्ट्रिप माझ्या दुकानात राहायची. ती रोज सकाळी यायची, मी पाण्याचा ग्लास द्यायचे. महिन्याभरात हात स्थिर झाले. घरी ती काही बोलली का, ते मी विचारलं नाही.

एके सकाळी ती आली. केस नीट विंचरलेले, साडी इस्त्रीची. गोळी गिळली, ग्लास खाली ठेवला आणि पर्समधून सरांच्या बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप काढून माझ्यासमोर ठेवली.

“बाय, हेच्यासारकी दिसणारी कॅल्शियमची गोळी आसा गो?”