भिंतीवरची प्रमाणपत्रं

वसमतला मी मानसोपचाराची खोली थाटली, तेव्हा जवळच्याच हट्टा गावच्या एक बाई दर मंगळवारी यायच्या. स्वतःबद्दल चकार शब्द बोलायच्या नाहीत. उभ्यानंच, चष्मा पुसून, भिंतीवरची माझी प्रमाणपत्रं वाचायच्या आणि उलटतपासणी सुरू करायच्या.

“कुठं शिकलात? किती वर्सं? सुई काहून देत न्हाई?”

दर वेळी तेच. माझा जीव मेटाकुटीला यायचा. चौथ्या मंगळवारी माझा तोल गेला. “मावशी, अजून काय शिकायला हवं होतं मी?”

त्या रागावल्या नाहीत. “शिकलात बराबर. पर तुमच्या घरचं कुनी गेलंय का?”

“धाकटा भाऊ,” मी म्हणालो. हे मी कुठल्याच पेशंटला सांगितलं नव्हतं.

त्यांनी पहिल्यांदाच खुर्ची ओढली. “माजी लेक गेली,” त्या म्हणाल्या, “बाळंतपणात.”