शेपूट ओढणारे दुरुगकर सर

रस्त्यात गाय दिसो की घोडा, दुरुगकर सर आधी त्या जनावराची शेपटी धरून हळूच बाजूला ओढायचे. आम्ही दोघं पशुवैद्यक कॉलेजात शिकवत होतो, तरी महाल भागातल्या गल्लीत हे चालू झालं की मला तोंड लपवावंसं वाटायचं. सर म्हणायचे, "जनावर उभं आहे म्हंजे नुसते पाय उभे नाहीत गा. खूर वरती खबर देऊन राहिले अन् मेंदू खाली हुकूम धाडून राहिला. घोड्याच्या मागच्या पायाले कडी आहे, तो उभ्यानं डुलकी घेते. आपण डुलकी घेतली का पडलो. म्हून शेपटी ओढून पाहाची; खबर बरोबर जात असन त जनावर सावरते, नाही त कलंडते."

त्यांच्या भाचीचं लग्न सक्करदऱ्यात होतं. तिला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, म्हणून सरांनी आयुष्यात पहिल्यांदा फेटा बांधून घेतला. वरात दारात आली. घोडीचे मागचे पाय एकमेकांत अडकत होते, खूर डांबरावर घासत होते, आणि लोक शिट्ट्या मारत होते, "नाचून राहिली रे, नाचून राहिली." नवरदेवाच्या काकाने स्प्रेचा फेस थेट तिच्या डोळ्यांवर मारला. शिसारी आली मला त्या शिकल्यासवरल्या माणसांची.

सरांनी गर्दीत घुसून शेपटी ओढली. घोडी अख्खी त्यांच्या अंगावर कलंडली.

"हे नाचणं नाही. आपले पाय कुठं आहेत तेच हिले समजून नाही राहिलं. उतरा जावईबापू."

नवरदेव उतरला, पण काका भडकला. हा मामा मंडपात दिसला तर लग्न होणार नाही म्हणाला. सरांची धाकटी बहीण, म्हणजे नवरीची आई, धावत आली. "काहून करतं दादा असं? जाय तू इथून."

आत मंगलाष्टकं लागली तेव्हा सर बाहेर भिंतीशी घोडीला खांदा लावून उभे होते. घोडीवाला जेवायला गेला होता. मी म्हटलं, "सर, मान तुमचा होता."

"भाचीले धरायले सारा मांडव आहे. हिले सोडलं त पडन."

दुसऱ्या दिवशी घोडी मेली. कोणी विचारलंही नाही. बहिणीनं बोलणं टाकलं, आणि सर त्यानं खचले.

महिनाभराने आम्ही चहा पीत असताना तिचा फोन आला. सरांचा चेहरा उजळला. फोन स्पीकरवर होता.

"दादा, शेजारी लग्न आहे. त्यायले तेच नाचणारी घोडी पाहिजे. घोडीवाल्याचा नंबर असन ना तुह्याजवळ?"

"मेली वं ते," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.