लाइट गेली तेव्हाचे अण्णा

अण्णांना हळू बोलता येत नसे. जन्म गेला सोलापुरातल्या यंत्रमागांच्या खडखडाटात. तिथं शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. तीच सवय घरी आली. "अम्मा, चहा घे की," एवढं म्हणाले तरी समोरच्या घरातली बाई दारात येऊन बघायची. घरची भाषा तेलुगू, तिच्यात मुलीलाही मायेनं अम्मा म्हणतात, त्यामुळे मी पहिल्या भेटीपासूनच त्यांची अम्मा.

ती पहिली भेट मात्र माझी परीक्षाच होती. पुण्यात माझ्या ऑफिसात असलेल्या अवीनं लग्नाचं विचारलं होतं. लग्नानंतर राहायचं मात्र सोलापुरात, कारण त्याची आई गेल्यापासून वडील, म्हणजे अण्णा, एकटे पडले होते. मी नाशिकची. म्हटलं, आधी गाव बघते, मग सांगते. अवीला मुद्दाम पुण्यात ठेवून एकटीच गेले.

गाव दाखवायचं काम अण्णांनी अंगावर घेतलं. भुईकोट किल्ल्यात त्यांनी मला बुरुजावर उभं करून दाखवलं काय, तर कुठल्या गिरणीचं धुराडं कुठं होतं ते. मी इतिहास विचारला की म्हणायचे, "ते पाटीवर लिवलंय की. पाटीवर न्हाय ते मी सांगतो." मग कोण कुठल्या पाळीत होतं, कोणाचं लग्न संपामुळे अडलं, हे सगळं किल्लाभर ऐकू जाईल अशा आवाजात. फिरायला आलेली दोन कुटुंबंही आमच्या मागे ऐकत चालू लागली.

दुपारी ते मला पूर्व भागातल्या एका कारखान्यात घेऊन गेले. सगळे माग धडाडत होते. मी दारापाशी चादरी बघत उभी राहिले आणि अण्णा आत जाऊन यल्लप्पा या जुन्या कानडी मित्राच्या कानात काहीतरी सांगू लागले; दोघांची बोलायची भाषा मराठीच. मागवाले आपली गुपितं अशीच ओरडून बोलतात, दुसऱ्याला काही ऐकू जायची सोयच नसते. तेवढ्यात लाइट गेली.

माग एकदम थांबले. अण्णा थांबले नाहीत.

"पोरगी लई चांगली हाय यल्लप्पा. पर न्हाय म्हणाली तर पोरापेक्षा मलाच जास्त लागंल. घर खायला उठतंय रे."

सगळ्या माना आधी अण्णांकडे वळल्या, मग माझ्याकडे. अण्णांनी छताकडे पाहिलं. "लाइट गेली वाटतं," म्हणाले.

कोणी हसलं नाही, म्हणजे सगळ्यांनी महत्प्रयासानं हसू दाबलं. अण्णा कानकोंडे होऊन माझ्याजवळ आले. "ऐकलंस ते सोडून दे अम्मा. म्हातारा कायबी बोलतोय. तुझं तू ठरव."

संध्याकाळच्या गाडीत बसून मी शांतपणे विचार करणार होते. पण मला त्या माणसाची इतकी माया वाटली की गाडीपर्यंत दम निघेना. शिवाय बोलायचं तर लाइट यायच्या आत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"अण्णा, माझं ठरलं. मी येणार राहायला."

यल्लप्पांनी चहा सांगायला माणूस पिटाळला. अण्णाच तेवढे घाबरले. "असं घाईनं नको. हितला उन्हाळा कुटं बघितलाय तू? एक उन्हाळा बघ, मग बोल."

त्यानंतर मी सोलापूरचे नऊ उन्हाळे बघितले. सात अण्णांबरोबर, आणि गेले दोन त्यांच्याशिवाय. कडक हे दोनच गेले.