घाटाचा निवेदक आणि नणंद-भावजयीचा बँड

फोनवर विषय निघाला की तुम्ही दोघं हसता, म्हणून आता लिहूनच सांगते. होय, तुमची आजी बायकांच्या रॉक बँडची चाहती आहे. दुपारची आवराआवर झाली की तुम्ही पाठवलेला हेडफोन लावून मी तासभर ऐकत बसते. तुमचे आजोबा आल्यागेल्याला सांगतात की ही प्रवचन ऐकते. मी खोडून काढत नाही.

सुरुवात तुम्हीच करून दिलीत. तिकडच्या कुठल्या तरी मैदानातला कार्यक्रम पाठवला होतात. चौघी बायका, साठीच्या आसपासच्या. आवाज मला सोसेना, म्हणून मी तो बंद करून नुसतं पाहिलं, आणि तेवढ्यानेच खिळून राहिले. त्यांच्यातली जाड तारांची गिटार वाजवणारी बाई अख्ख्या गाण्यात एकदाही हसली नाही. आपल्याकडे स्टेजवर चढलेल्या बाईला हसावंच लागतं. पाहुण्यांच्या सत्काराचं ताट धरून नुसतं उभं राहायचं असलं तरी. ही मात्र गिरणीत दळण टाकून उभी असावी तशी कपाळाला आठी घालून आपलं काम करत होती. दुसऱ्या एका कार्यक्रमात गाणारी बाई पुढे आणि मागे चार पुरुष, तिची मान हलेल तसे निमूट वाजवणारे. तो मी आजोबांना मुद्दाम बोलावून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पगार चांगला असेल."

पुढे आवाजही सोसायला लागला. सगळ्यांत मला आवडते ती एक जागा. गाणं ऐन भरात असताना गाणारी हात वर करते आणि सगळी वाद्यं एकदम थांबतात. मैदानभर माणसं श्वास रोखून उभी. एक बाई गप्प बसली आहे आणि ती पुन्हा कधी तोंड उघडते याची हजारो लोक वाट बघत आहेत, हे दृश्य मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. गप्प बसलेल्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. वाट बघणारं कोणी नव्हतं.

हे खूळ परदेशातलं, असं समजू नका. नारायणगावला चैत्राच्या आधी तमाशाच्या राहुट्या पडतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले तिथे जाऊन फड ठरवतात, आणि त्यातले कितीतरी फड बायकांनी चालवलेले. गाडी, तंबू, माणसं, हिशेब, सगळं सांभाळून त्या रात्री उभ्या राहून गातात. आमच्या गावच्या समस्त पुरुषांना त्यांचं कौतुक आहे आणि त्याला ते संस्कृती म्हणतात. अट एकच, गाणारी बाई दुसऱ्या गावची असावी.

आता आमच्या शेजारणींकडे येते. शेजारच्या घरची सून राजुरीच्या बाजूला एका डेअरीत दुधाचं फॅट तपासायला जाते. तिची नणंद कॉलेजात शिकते, आणि लेझमाच्या पथकातून ढोलावर आणि ढोलावरून ड्रमवर गेली आहे. तिसरी गिटारवाली. तिचे वडील भीमगीतांच्या पार्टीत गात, घरात पेटी, ढोलकी, गिटार लहानपणापासूनच. त्या तिघींनी शेजाऱ्यांच्या रिकाम्या कांद्याच्या वखारीत बँड सुरू केला. गाणारी सून, ड्रमवर नणंद. नणंद-भावजय एका लयीत चालताना मी तरी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत.

अडचण कांद्याची होती. जत्रा उरकली की कांदा काढायला येतो आणि वखार भरते. मग बँडने जायचं कुठे? सुनेची नजर जुन्या गोठ्यावर होती. दूध काढायच्या मशीनसाठी नवा गोठा बांधल्यापासून तो मोकळाच पडला होता. तिने सासऱ्यांकडे तो मागितला. मी तर कधीच सांगून ठेवलं होतं की आमच्या मागच्या खोलीत या. पण सासऱ्याने होकार दिलेला नसताना सून शेजारी जाऊन गाते म्हटल्यावर त्यांना गावात तोंड दाखवता आलं नसतं. म्हणजे ती किल्लीही त्यांच्याच हातात. सासरे म्हणाले, आधी जत्रेत गाऊन दाखवा, गाव काय म्हणतं बघू, मग ठरवू. बँड राहणार की मोडणार, ते एका संध्याकाळवर आलं.

सासरेच जत्रा कमिटीचे अध्यक्ष. बैठकीत त्यांनी तिघींचा कार्यक्रम मांडला तेव्हा विरोधी पार्टीने लगेच हरकत घेतली. पोरींनी स्टेजवर आरडाओरडा करायचा, बाहेरचे पाव्हणे काय म्हणतील? तोवर अध्यक्षांचं स्वतःचंही जवळजवळ तेच मत होतं. पण विरोधी पार्टीने ते आधी बोलून टाकलं, त्यामुळे त्यांना ते बदलावं लागलं. तरी जाता जाता त्यांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं की एकदा काय ते स्टेजवर, आमच्या आवारात असलं गाणंबजावणं चालणार नाही. स्त्रियांची प्रगती आमच्याकडे बहुतेक अशीच होते, दोन पार्ट्यांच्या भांडणात चुकून.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घाटात शर्यतीचे बैलगाडे होते. तुम्ही लहानपणी पाहिलेत. चढणीवर चार बैल, पुढे घोडी, आणि उंच माचावर बसलेला निवेदक. आमचा निवेदक बेल्ह्यापासून मंचरपर्यंत बोलावला जातो. सकाळपासून तो थांबत नाही. बैल कुणाचे, गाव कोणतं, मालकाचा भाऊ कुठे नोकरीला, सगळं पाठ. त्याच्या धंद्यात शांतता म्हणजे माईक बिघडला.

गाडे संपले, ऊन उतरलं आणि तिघी स्टेजवर चढल्या. कमिटीने त्यांना मान म्हणून एक गोष्ट केली. घाटातून तो निवेदक आणून माईक देऊन स्टेजच्या कोपऱ्यात उभा केला. पोरींना निवेदक नसणं कमिटीला कमीपणाचं वाटलं. त्याने आधी ओळख करून दिली. अध्यक्षांची सून, अध्यक्षांची कन्या, आणि गिटारवाल्या ताई म्हणजे अमक्या गायकांची मुलगी. मालकांची नावं झाली. पळणाऱ्यांची सांगायची पद्धत नाही.

गाणं त्यांनी स्वतः रचलं होतं. घरातून पाऊल बाहेर टाकलं की बाईला जो तो विचारतो, "कुठं चाललीस?" सासू विचारते, दीर विचारतो, पारावरचा रिकामा म्हातारा विचारतो, आणि ती प्रत्येकाला एकच उत्तर देते, "इथंच." एवढंच गाणं. पण शेवटच्या कडव्याआधी सगळं थांबतं आणि ती गप्प उभी राहते. पहिल्यांदा वखारीत ऐकलं तेव्हा मी त्यांना ते परत म्हणायला लावलं होतं.

ड्रम सुरू झाला आणि निवेदकही सुरू झाला. त्याच्या मते शर्यत लागली होती. "सुटल्या बघा, ड्रमवाल्या ताई सुटल्या! गिटार कासराभर मागं, सूनबाई पुढं, आता गिटार जवळ आली..." लोक उठून बघायला लागले. कोण जिंकतंय ते मलाही क्षणभर बघावंसं वाटलं. बिचाऱ्याला आवाज मात्र खरोखर चांगला होता, लयीत बसत होता. मग ती थांबायची जागा आली. सगळी वाद्यं बंद. सुनेने डोळे मिटले. निवेदकाला वाटलं, लाइट गेली. माणूस मदतीला धावावा तसा तो म्हणाला, "सुनेला लेकीप्रमाणं वागवणारे आदर्श सासरे, जत्रा कमिटीचे अध्यक्ष!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेले सासरे उठले आणि त्यांनी चारी दिशांना नमस्कार केला. गाणं तिथेच बसलं.

सून माईकजवळ सरकली. ती आता काय करते यावर बँड अडला होता, आणि होकार-नकार ज्यांच्या हातात ते सासरे समोर उभे होते.

"भाऊ," ती निवेदकाला म्हणाली, "घाटात तुमच्या तोडीचा कोणी न्हाई. पण ह्यो गाडा न्हाई, गाणं हाय. आमी पयल्यापासनं म्हणतो. तुमी खाली मामांच्या शेजारी बसा."

मामा म्हणजे सासरे. निवेदकाने माईक हातात घट्ट धरून त्यांच्याकडे पाहिलं. "अध्यक्ष, काय करू?"

सगळ्या मंडपाच्या माना तिकडे वळल्या. विरोधी पार्टीवाले तर पुढे वाकून बघत होते. सासऱ्यांनी खाली बसत शेजारच्या खुर्चीवरचं उपरणं उचलून मांडीवर घेतलं.

"बसा की. जागा हाय."

गाणं पुन्हा पहिल्यापासून झालं. थांबायच्या जागी फक्त जनरेटर ऐकू येत होता. निवेदक खुर्चीवर दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसला होता, त्याला किती जड जात असेल ते मला दिसत होतं. सून थांबली ती थांबलीच. शेवटी तिने "कुठं चाललीस?" म्हणताच मागे कडेला उभ्या राहिलेल्या बायकांनी "इथंच" असं काही ओरडून सांगितलं की फुगेवाल्याने मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सासरे आमच्याकडे आले. चहा झाला. पावसाचं झालं, कांद्याच्या भावाचं झालं. गावात दोन मतं होती. एकांचं म्हणणं, सून सासऱ्यादेखत चारचौघांत बोलली. दुसऱ्यांचं म्हणणं, बाई लई खमकी. पहिलं मत विरोधी पार्टीचं असल्यामुळे सासरे दुसऱ्या मताचे झाले होते. पण आवारात गाणंबजावणं नाही, हा शब्द बैठकीत दिलेला. तो फिरवला असता तर विरोधी पार्टीला वर्षभराचं खाद्य झालं असतं.

कप खाली ठेवून ते म्हणाले, "बाई, तुमी जन्मभर इंग्रजी शिकवलं. आमच्या पोरींचं इंग्रजी लई कच्चं हाय. तुमच्या मागच्या खोलीत शिकवणी लावली तर?"

"ड्रमवालीचंही कच्चं आहे?" मी विचारलं.

"तिचं तर लईच," ते म्हणाले. "तिला रोज पाठवतो."

तेव्हापासून दुपारी आमच्याकडे इंग्रजीची शिकवणी चालते. पार नदीपलीकडे आवाज जातो. मी सांगितलेलं वेळापत्रक तिघी पाळतात आणि चपला ओळीत काढतात. वाटेने जाणाऱ्याने विचारलं तर सासरे स्वतःच्या ओट्यावरून सांगतात की पोरींची परीक्षा जवळ आली आहे. आजोबा वामकुक्षी सोडून आता सकाळी झोपतात.

मागची खोली म्हणजे तुमची खोली. उन्हाळ्यात आलात की तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत झोपायचं. गाद्यांना ऊन देऊन ठेवलं आहे. ड्रम हलवायचे नाहीत, ते नणंदेने मोजून मांडले आहेत.