खाली जाणारी रेघ

आमच्या कामात रिपोर्ट कपाटात जातात आणि किस्से चहाबरोबर बाहेर येतात. भिवंडीतल्या लूम म्हणजे यंत्रमाग कामगारांचे कान तपासायचे आणि जे सापडेल ते कामगारांना, मालकांना, घरच्यांना समजेल असं सांगायचं, एवढंच आमचं काम. टीम लहान. डॉक्टर मॅडम, मशीन चालवणारा इम्रान, आकडे बघणारा मी, आणि अंजूर गावच्या आशा सेविका सुमनताई, ज्या लोकांना अक्षरशः धरून आणतात. तपासणी सोपी आहे हो. सांगणं महाकठीण!

सुमनताईंची घरची एक तक्रार आम्हा सगळ्यांना पाठ होती. त्यांचे यजमान गजाननभाऊ तरुणपणापासून लूमवर. "घरात हाक मारली तर ओ न्हाय देत. मी काय भिंतीशी बोलू? लेक कोनगावला हाय, तिच्याकडंच जातेय मी आता र्‍हायला."

"त्यांना एकदा तपासणीला आणा ना," मॅडम म्हणायच्या.

"कानाला काय न्हाय झालंय! भांडलं का बरोबर उत्तर देतात. मुद्दाम करतात सगलं!"

हे चेष्टेत बोलणं नव्हतं. बाईंनी बॅग भरून ठेवली होती.

*

आमचं पहिलं प्रेझेंटेशन मालक मंडळींसमोर झालं. एसी हॉल, मोठा पडदा. मॅडमनी ग्राफ लावला. कानाच्या ग्राफमध्ये रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. नव्या कामगाराची रेघ वर, जुन्याची घसरत घसरत पार तळाला. मॅडमनी हॉलभर नजर फिरवली. त्यांना वाटलं, लोक हादरलेत.

पुढच्या रांगेतले एक शेठ उठले. "मॅडम, शोर इतना कम हो गया? बहुत बढ़िया!"

आणि हॉलमध्ये टाळ्या!

मॅडमनी लॅपटॉप बंद केला आणि तडक रिक्षा गाठली.

*

मग एका कारखान्याचे पहिल्या दिवसाचे निकाल आले. सगळ्यांचे कान ठणठणीत! मी खूश. इतका चांगला कारखाना भिवंडीत आहे म्हणून त्याचं कौतुक लिहायलाही घेतलं.

लूमच्या खडखडाटात ओरडून काही उपयोग नसतो. तिथे माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून आणि हातांच्या खुणांनी बोलतात. एकजण या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि मजेत गप्पा चालू. हे आम्हाला माहीत होतं. पण लक्षात कोण घेतो?

तपासणीत हेडफोन लावायचा, बारीक आवाज आला की हात वर करायचा. आवाज सोडला की मशीनवर छोटा दिवा लागतो. दुसऱ्या दिवशी मशीन मॅडमकडे देऊन इम्रान चहा सांगायला बाहेर गेला आणि खिडकीपाशी थबकला. तिथे एक कामगार उभा. दिवा लागला की तो बोट हलवायचा, आणि आतला गडी लगेच हात वर करायचा!

"ये क्या कर रहे हो, चाचा?"

"फेल हुआ तो सेठ काम से निकाल देगा ना, भाई."

हसावं की रडावं कळेना. मला तर फार वाईट वाटलं. तपासणी त्यांच्यासाठी आहे, निकाल शेठकडे जाणार नाही, हे आम्ही फॉर्मवर छापलं होतं. तोंडाने कुणीच सांगितलं नव्हतं.

*

त्यानंतर मॅडमनी ग्राफ दाखवणं सोडलं. "ऐकवू या," म्हणाल्या. घरच्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करायचा, आणि कामगाराच्या रिपोर्टप्रमाणे कॉम्प्युटरवर तो तितकाच मंद करायचा. म्हणजे त्याला जे ऐकू येतं, तेच आपल्याला.

पहिला मान टाळ्या वाजवणाऱ्या शेठना. त्यांच्याच नातीचा आवाज, नाव न सांगता एका जुन्या कामगाराच्या कानाने. शेठनी हेडफोन काढला, उलटसुलट करून पाहिला.

"मशीन खराब है आपकी."

"मशीन ठीक है, सेठ," इम्रान शांतपणे म्हणाला.

शेठनी हेडफोन परत लावला. या वेळी बराच वेळ लावून बसले.

*

अंजूरच्या शाळेत कॅम्प होता तेव्हा सुमनताई स्वतःच गजाननभाऊंना घेऊन आल्या. हेतू वेगळाच. "त्यांचं कान शाबूत हाय असं लिहून द्या. मंग मी कोनगावला लेकीकडं जायला मोकली."

खिडकी बंद करून इम्रानने तपासणी केली. भाऊ भिडस्त माणूस. हेडफोन लावून बसले, आणि त्यांचा हात बराच वेळ मांडीवरच राहिला. मॅडमनी निकाल बघितला आणि माझ्याकडे सरकवला. रेघ तळाला होती.

मॅडम काही समजावायला गेल्या नाहीत. "ताई, घरी हाक मारता तशी मारा," म्हणाल्या. सुमनताई फोनमध्ये बोलल्या, "आवो, च्या ठेवलाय, या." मी तो आवाज भाऊंच्या रिपोर्टप्रमाणे मंद केला आणि हेडफोन ताईंना दिला.

त्यांनी ऐकलं. परत लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. भिंतीपलीकडे कुणी पुटपुटावं तसं काहीतरी होतं, शब्द एकही नाही. हेडफोन काढून त्या तरातरा भाऊंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. 

"मंग माजं भांडन कसं आयकू येतं तुमाला?"

गजाननभाऊ त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

"भांडताना तू समोर उभी र्‍हातेस," ते म्हणाले. "हाक मारतेस ती पाठून."